वॉटर्लू शोधून काढणारा माणूस

पंचेचाळीस आरपीएमची जुनी तबकडी हातात घेतली की मधल्या गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली, कंसात आणि अगदी बारीक टायपात काही आडनावं छापलेली दिसतात. १९७४ साली निघालेल्या ‘वॉटर्लू’च्या तबकडीवर अशी तीन आडनावं आहेत आणि त्यांतली दोन अँडरसनच आहेत. एकच नाव चुकून दोनदा पडलं असावं असं वाटतं. पण रोमन अक्षरं नीट पाहिली तर एका अँडरसनात ‘एस’ जोडून दोनदा येतो, दुसऱ्यात एकदाच. दोन ‘एस’वाला तो बेनी, ‘ॲबा’ या स्वीडिश पॉप चमूचा दाढीवाला पियानोवादक. एक ‘एस’वाला स्टिग अँडरसन. अख्खा स्वीडन त्याला ‘स्टिक्कन’ म्हणायचा. ॲबाच्या चौघांत तो नव्हता, पण त्या चौघांना जगापुढे नेणारे पहिले शब्द त्याचे होते.

गीतकाराबद्दल आपल्याला फार कमी कुतूहल असतं. आवाज गायकाचा, चाल संगीतकाराची, मग शब्द जणू आपोआप उगवतात. स्टिगचं आयुष्य वाचताना हा समज पार मोडतो आणि एक थरारक गोष्ट कळते: अख्ख्या गाण्याचं नशीब कधी कधी एका शब्दावर टांगलेलं असतं, आणि तो शब्द ओळखणारा कान वर्षानुवर्षांच्या हमालीतून तयार होतो.

स्टिगचा जन्म २५ जानेवारी १९३१चा, वेस्टरयोटलांड प्रांतातल्या होवा नावाच्या लहानशा गावातला. वेनर्न आणि वेट्टर्न ही स्वीडनची दोन मोठी सरोवरं. त्यांच्यामधल्या पट्ट्यात तिवेदेन हे जुनं, दाट, खडकाळ जंगल आहे आणि त्याच्या जवळ हे गाव. आई एकटी, घरची गरिबी, त्यामुळे शाळा लवकर सुटली आणि पोरगा कामाला लागला. या होवा गावाच्या नावावर एक लढाई आहे. १२७५ साली इथं राजा वाल्देमारच्या फौजेचा पराभव झाला आणि स्वीडनचं सिंहासन त्याच्या भावाकडे, माग्नुसकडे गेलं. स्वीडनच्या इतिहासाच्या पुस्तकांबाहेर ही लढाई कुणाला माहीत नाही. त्याच गावच्या मुलाने पुढे जगाला एका दुसऱ्या लढाईचं नाव गुणगुणायला लावलं, याचं मला फार नवल वाटतं.

पोराला गाण्याचं वेड होतं. तो तबकड्या जमवायचा, गिटार शिकला, आणि विशीच्या आतच त्याने ‘तिवेद्सहाम्बो’ लिहिलं. हाम्बो हा स्वीडनचा जोडीने नाचायचा नाच, तीन मात्रांचा, गिरक्या घेत जाणारा. गावच्या जत्रेत, उन्हाळ्याच्या रात्री उघड्यावर टाकलेल्या लाकडी फळ्यांवर लोक तो नाचत. घराशेजारच्या जंगलाचं नाव घेऊन बांधलेलं ते गाणं अकॉर्डियनवाल्यांच्या बोटांत बसलं आणि आजही बसलेलं आहे.

मग तो पुन्हा शिकायला लागला. प्रौढांसाठीच्या लोकविद्यालयात गेला, तिथं त्याला गुद्रुन भेटली, जी पुढे त्याची बायको झाली. शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन स्टॉकहोमजवळच्या तुलिंगे इथं तो प्राथमिक शाळेत मास्तर झाला. दिवसा मुलांना शिकवायचं, बाकीच्या वेळात गाणी लिहायची. १९५९ साली त्याने लिहिलेलं ‘क्लास-यूरान, तुझं माझ्यावर अजून प्रेम आहे का?’ अशा अर्थाच्या नावाचं गाणं लिल-बाब्स नावाच्या तरुण गायिकेने गायलं. गाणं असं चाललं की ती रातोरात घराघरांत पोचली आणि मास्तरांना खडू खाली ठेवता आला. १९६० साली स्टिगने शाळा सोडली आणि ‘स्वीडन म्युझिक’ ही गाण्यांची प्रकाशनसंस्था काढली.

आता खरी गंमत सुरू होते. ती समजायला गाण्याच्या धंद्याची एक खिडकी उघडून आत पाहावं लागेल.

लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये एखादं गाणं गाजलं की त्याच्या मूळ प्रकाशकाला इतर देशांत प्रतिनिधी लागतात. हा प्रतिनिधी-प्रकाशक आपल्या देशातली रॉयल्टी मिळवतो, स्वतःचा हिस्सा ठेवतो आणि बाकी मालकाकडे पाठवतो. गाण्याला स्थानिक भाषेत नवे शब्द लिहिले गेले, तर ते लिहिणाऱ्यालाही गीतकाराच्या वाट्यातून तुकडा मिळतो. स्वीडनमध्ये गीतकार-संगीतकारांचा पैसा गोळा करणारी ‘स्टिम’ ही संस्था १९२३पासून चोख काम करत होती, त्यामुळे रेडिओवर वाजलेल्या गाण्याचा हिशेब होत असे. १९६२ साली रेडिओवर ‘स्वेन्स्कटोपेन’ हा स्वीडिश गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम सुरू झाला, रविवारी सगळा देश तो ऐकायचा. परदेशी गाण्याला तिथं शिरायचं तर ते स्वीडिशमध्ये गायलेलं हवं. स्टिगने हे आधीच हेरलं होतं. तो परदेशी गाण्यांचे स्वीडनपुरते हक्क मिळवायचा आणि शब्दही स्वतःच लिहायचा. प्रकाशकही तोच, गीतकारही तोच.

१९६१ साली अनीता लिंडब्लूमने गायलेलं ‘सोन्त एर लिवेत’ हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. मूळ गाणं अमेरिकन, बेवफा प्रेयसीवर चिडलेल्या पुरुषाचं. स्टिगचं स्वीडिश नाव मात्र ‘आयुष्य हे असंच’ या अर्थाचं. ते एका बाईच्या खर्जातल्या दमदार आवाजात आलं आणि मूळ अमेरिकन आहे हे लोक विसरूनच गेले. अशी हजारो गीतं त्याने लिहिली. कारकुनी वाटेल असं हे काम आहे, आणि समीक्षकांनी त्याला तसंच हिणवलंही. मला तसं अजिबात वाटत नाही. चालीवर शब्द बसवणं किती अवघड असतं, त्यातही स्वीडिश भाषेत, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

अमेरिकन गाण्याची ओळ बहुतेकदा शेवटच्या ठोक्यावर संपते आणि तिथं एका घावात उच्चारता येणारा छोटा शब्द असतो: लव्ह, हार्ट, नाइट. इंग्रजीत अशा शब्दांची खाण आहे. स्वीडिशचं वळण वेगळं. तिथली बहुतेक क्रियापदं मूळ रूपात हलक्या ‘आ’ने संपतात. नामाला ‘तो’, ‘ती’ असं ठरावीकपण द्यायचं तर शेपटीला ‘एन’ किंवा ‘एत’ चिकटतं. म्हणजे जोर आधी येऊन जातो आणि शब्दाचं टोक पडतं. इंग्रजीत प्रेम एका ठोक्याचं, स्वीडिशमध्ये ‘शेर्लेक’ दोन ठोक्यांचं, आणि जोर पहिल्यावर. चाल जिथं मूठ आपटते तिथं भाषा नेमकी खांदे पाडते! शिवाय स्वीडिश बोलण्यात स्वरांची चढउतार अर्थ बदलते. ‘आन्देन’ हा शब्द एका चढउताराने म्हटला तर बदक, दुसऱ्याने म्हटला तर आत्मा. गाण्यात ही चढउतार चाल गिळून टाकते, मग अर्थ आजूबाजूच्या शब्दांनी सांभाळायचा. त्यात लांबवायच्या सुराखाली उघडा, भरपूर हवा जाणारा स्वर हवा, नाहीतर गायिकेचा गळा आवळतो. हे सगळं सांभाळून वाक्य सहज बोलल्यासारखं वाटलं पाहिजे. हा व्यायाम स्टिगने दहा-बारा वर्षं, आठवड्यामागून आठवडे केला. परक्या चालीच्या कुठल्या खाचेत कुठला शब्द खटकन बसेल, हे त्याच्या कानाला विचार न करता कळायला लागलं.

दरम्यान १९६३ साली बेंग्ट बेर्नहाग या मित्राबरोबर त्याने ‘पोलार म्युझिक’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. तिच्या पहिल्या कलाकारांत ‘हूटनॅनी सिंगर्स’ हा लोकगीतं गाणारा पोरांचा चमू होता, आणि त्यात ब्यॉर्न उल्व्हेयस नावाचा एक मुलगा. स्टिगला त्या मुलात गायकापेक्षा गाणं रचणारा दिसला. १९७१च्या जुलैत, ब्यॉर्न आणि पुढे ॲबात गाणारी अग्नेथा यांच्या लग्नाच्याच दिवशी, बेर्नहाग गेला. स्टिगने ब्यॉर्नला त्याच्या जागी निर्माता म्हणून बोलावलं. ब्यॉर्न म्हणाला, बेनीही हवा. दोन पगारांइतके पैसे नव्हते, म्हणून दोघांनी एकच पगार वाटून घेतला. पुढे जगभर ज्यांच्या तबकड्या कोट्यवधींनी खपल्या, त्यांची ही सुरुवात.

कामाची वाटणी ठरून गेली. ब्यॉर्न आणि बेनी गिटार-पियानो घेऊन बसायचे, चाल बांधायचे आणि तिच्यावर तात्पुरते, अर्थाशी देणंघेणं नसलेले इंग्रजी बोल गुणगुणायचे. टेप स्टिगकडे जायची. मग स्टिगने नाव शोधायचं, म्हणजे मुखड्याचा तो शब्द ज्यावर सगळं उभं राहील. एकदा तो सुटीवर परदेशात होता तेव्हा ‘आस्ता मन्याना’चे शब्द त्याने टेलिफोनवरून सांगून उतरवून दिले. चौघांच्या नावांची लांबण लावून कंटाळला तेव्हा आद्याक्षरं जोडून ‘ॲबा’ म्हणायला त्यानेच सुरुवात केली. त्या नावाची डबाबंद मासळी विकणारी स्वीडिश कंपनी आधीच होती, तिची परवानगी घ्यावी लागली.

१९७३ साली त्यांनी युरोव्हिजन या युरोपीय देशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या स्वीडिश फेरीत ‘रिंग रिंग’ आणलं. फोनची वाट पाहणाऱ्या मुलीचं गाणं. स्वीडिश शब्द स्टिगचे, इंग्रजी शब्दांसाठी मात्र त्याने थेट अमेरिकेच्या नील सेडाका आणि फिल कोडी यांना गाठलं. गाणं तिसरं आलं, युरोव्हिजनचं स्वप्न एक वर्ष लांबलं. पण नावाकडे बघा. ‘रिंग’ स्वीडिशमध्येही तेच, इंग्रजीतही तेच. त्याच वर्षापासून युरोव्हिजनने कुठल्याही भाषेत गायची मुभा दिली होती. ऐंशी लाखांच्या देशातल्या माणसापुढे एकदम सारा युरोप श्रोता म्हणून बसला. त्यांतल्या बहुतेकांना स्वीडिश कळत नाही आणि निम्म्यांना इंग्रजीही धड कळत नाही, मग त्यांच्यापुढे ठेवायचा शब्द कोणता?

पुढच्या वर्षीच्या चालीला तात्पुरतं नाव होतं ‘हनी पाय’. स्टिगला ते गोड आणि गुळमुळीत वाटलं असणार. त्याला त्याच मापाचा, तीन ठोक्यांचा, पण शेवटी खणखणीत वाजणारा शब्द हवा होता. प्रसिद्ध वचनांचा कोश तो चाळत बसला आणि एका पानावर ‘वॉटर्लू’ सापडलं.

क्षणभर हा शब्द चालीपासून सोडवून मोठ्याने म्हणून पाहा. दोन पायऱ्या चढायच्या आणि तिसरीवर थांबून स्वर हवा तेवढा लांबवायचा. जिथं स्वीडिशचं टोक पडतं तिथं हा शब्द उभा राहतो. उच्चार देशोदेशी थोडाफार बदलला तरी ओळखू येतो. अर्थ सांगावा लागत नाही, कारण पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत प्रत्येक शाळेत १८१५ची ती लढाई शिकवलेली असते. नेपोलियन हरला तशी मी प्रेमात हरले, एवढी एक कल्पना आणि गाणं तयार. मला राहून राहून वाटतं की यात तुलिंगेच्या शाळेतला मास्तर बसलेला आहे. युरोपातल्या कुठल्याही मुलाला इतिहासाच्या तासातलं काय आठवत राहतं, हे वर्गापुढे उभं राहिलेल्या माणसाला चांगलं ठाऊक असणार.

६ एप्रिल १९७४ची रात्र, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन, डोम सभागृह. स्वीडनच्या वाद्यवृंदाचा संचालक स्वेन-ओलोफ वाल्डोफ नेपोलियनच्या वेशात व्यासपीठावर आला आणि प्रेक्षक हसून टाळ्या वाजवू लागले. गाणं सुरू व्हायच्या आधीच शब्द पोचला होता. तेव्हा प्रत्येक देशाचे दहा परीक्षक एकेक मत द्यायचे. स्वीडनला २४ मतं पडली, दुसऱ्या आलेल्या इटलीला १८. यजमान ब्रिटनने स्वीडनला एकही मत दिलं नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत तेच गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. युरोव्हिजनचा मुख्य मान गायकांचा नसतो, गाणं रचणाऱ्यांचा असतो. त्यामुळे निकालानंतर रचनाकारांना बोलावलं गेलं, आणि चंदेरी बुटांतल्या, चकाकत्या कपड्यांतल्या ब्यॉर्नला पहारेकऱ्याने अडवलं. हा गाणारा आहे, रचणारा कसा असेल? गीतकाराचा चेहरा कुणालाच माहीत नसतो, हे त्या रात्री विजेत्यालाही भोगावं लागलं.

नंतरच्या तीन वर्षांतली गाण्यांची नावं नुसती मांडली तरी त्यामागचा विचार दिसतो. ‘एसओएस’ म्हणजे समुद्रावरची मदतीची हाक, कुठल्याही बंदरात समजणारी. वर गंमत अशी की रोमन लिपीत ते नाव उलटं वाचलं तरी तेच, आणि गाणाऱ्यांचं नावही तसंच. ‘मामा मिया’ हा इटालियन उद्गार. त्यात ‘म’ आणि स्वर सोडले तर काहीच नाही, त्यामुळे तो जगातल्या कुठल्याही तोंडात बसतो. १९७६च्या जानेवारीअखेर या गाण्याने ब्रिटनच्या यादीतलं पहिलं स्थान ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’कडून घेतलं, आणि योगायोग असा की त्या गाण्यातही हाच उद्गार येतो. ‘फर्नान्दो’ची कथा तर आणखी विलक्षण. स्टिगने ते आधी स्वीडिशमध्ये ॲबाची दुसरी गायिका फ्रीडा हिच्या एकल अल्बमसाठी लिहिलं. त्यात प्रेमभंग झालेल्या फर्नान्दोला धीर दिलेला आहे. इंग्रजी करताना ब्यॉर्नने ती कथाच टाकून दिली आणि दोन म्हातारे स्वातंत्र्यसैनिक चांदण्यात तरुणपणची लढाई आठवताहेत असं चित्र उभं केलं. चाल तीच, नाव तेच, आत दोन वेगळी आयुष्यं. चालीतली हुरहुर दोन्ही कथांना पुरून उरली.

धंद्याचं फार सांगत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ॲबाचे हक्क स्टिगने एकाच बड्या परदेशी कंपनीच्या झोळीत टाकले नाहीत. अमेरिकेत अटलांटिक, ब्रिटनमध्ये एपिक, फ्रान्समध्ये व्होग, ऑस्ट्रेलियात आरसीए, असे देशवार वेगळे करार केले. प्रतिनिधी-प्रकाशक म्हणून परक्यांची गाणी विकताना जे शिकला ते आता आपल्या गाण्यांसाठी वापरलं. १९७८ साली स्टॉकहोममधल्या एका जुन्या चित्रपटगृहाच्या जागी पोलार स्टुडिओ उभा राहिला. तो इतका अद्ययावत होता की त्याच वर्षाअखेर लेड झेपेलिन तिथं अल्बम ध्वनिमुद्रित करायला आले.

मायदेशातल्या लोकांनी मात्र त्याला सोडलं नाही. सत्तरच्या दशकातल्या स्वीडनमध्ये डाव्या विचारांची संगीतचळवळ जोरात होती. तिच्या लेखी स्टिग म्हणजे गाण्याचा बाजार मांडणारा माणूस. १९७५ साली युरोव्हिजन स्टॉकहोममध्ये भरलं तेव्हा विरोधात पर्यायी महोत्सव झाला, आणि पुढच्या वर्षी स्वीडनने स्पर्धेत भागच घेतला नाही. चळवळीचे काही प्रश्न रास्त होते: दूरदर्शनचा पैसा कुणावर खर्च व्हावा, मुलांनी काय ऐकावं. पण गरिबीतून वर आलेल्या, हाम्बो लिहिलेल्या माणसाला लोकांच्या संगीताचा शत्रू ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

१९७७च्या ‘द नेम ऑफ द गेम’नंतर एक ‘एस’वाला अँडरसन पंचेचाळीसच्या तबकड्यांवरच्या कंसातून नाहीसा झाला. ब्यॉर्नचं इंग्रजी पक्कं झालं होतं आणि त्याला आता मोडणारे संसार, मोठ्या होणाऱ्या मुली, पोकळ झालेली घरं यांच्यावर लिहायचं होतं. एका चमकदार शब्दाच्या खुंटीला टांगायची ही गाणी नव्हती. ती लिहिण्यात ब्यॉर्न गुरूच्या पुढे गेला, हे मोकळेपणी म्हटलं पाहिजे. पुढचं दशक दुखरं होतं. रॉयल्टीच्या हिशेबावरून १९९०च्या सुमारास अग्नेथा आणि ब्यॉर्न-बेनीच्या बाजूने दावे झाले, ते कोर्टाबाहेर मिटले, पण मैत्री परत जुळली नाही. १९८९ साली पोलार म्युझिक पॉलिग्रामला विकली गेली होती.

त्याच वर्षी स्टिगने ४२ दशलक्ष क्रोनर रॉयल स्वीडिश संगीत अकादमीला दिले आणि ‘पोलार म्युझिक प्राइझ’ सुरू केलं. अट एकच होती: शास्त्रीय आणि लोकप्रिय असा भेद करायचा नाही. ज्या माणसाला ‘हलकं’ म्हणून आयुष्यभर ऐकवलं गेलं, त्याने दोन्हींना एकाच व्यासपीठावर आणून राजाच्या हातून सन्मान द्यायची सोय केली. १९९२ साली पहिला मान पॉल मॅकार्टनीबरोबर एस्टोनिया, लाट्विया आणि लिथुआनिया या देशांना मिळाला. सोव्हिएत सत्तेपुढे एस्टोनियाचे लोक लाखांनी जमून गाणी गायले होते, ते तेव्हा सगळ्यांच्या मनात ताजं होतं.

१२ सप्टेंबर १९९७ रोजी हृदयविकाराने स्टिग गेला. त्याचा अंत्यविधी स्वीडिश दूरदर्शनने थेट दाखवला, जो मान तिथं एरवी फार मोठ्या पदावरच्या माणसांनाच मिळतो. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, १९९८ साली, पोलार पुरस्कार दोघांना मिळाला. एक रे चार्ल्स, आणि दुसरे आपले पंडित रविशंकर. सोल आणि सतार शेजारी बसले. २०१६ साली तो मॅक्स मार्टिनला मिळाला. परक्या इंग्रजीत अमेरिकेची सर्वांत गाजलेली गाणी रचणारा हा स्वीडिश माणूस. त्याच्याबद्दल असं सांगतात की तो ओळीतल्या अक्षरांचं माप आणि स्वरांचा नाद आधी बघतो, अर्थ मागाहून.